रविवारचा ओटा आणि पाच भागांची कादंबरी

दिग्रसच्या हायस्कुलात मला नोकरी लागली, ती महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा. गाव कापसाचं. हंगाम सुरू झाला की बाजाराच्या रस्त्यावर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागायची, सरकी काढायच्या जिनाचा भोंगा वाजला की शाळेतली मुलं घड्याळाकडे न बघता दप्तर आवरायची, आणि वर्गातल्या टेबलावर, खिडकीच्या गजांवर, माझ्या कोटाच्या बाहीवर रुईचे बारीक तंतू येऊन बसायचे. मी जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला आणि कॉलेजात गेलेलाही मीच पहिला. त्यासाठी किती माणसांनी काय काय केलं, ते सांगू लागलो तर हा लेख तिथेच संपेल. बापाने, याडीने म्हणजे आईने, तालुक्याच्या हेडमास्तरांनी, अमरावतीला ज्यांच्या पडवीत मी झोपायचो त्या माणसांनी. मी या सगळ्यांचा ऋणी आहे, एवढंच इथे म्हणतो.

पण शिकून परत आल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तांड्यावर गेलो की लोक माझ्याकडे तलाठ्याचा कागद वाचायला आणत. शाळेत सहकारी पगारवाढीचं आणि बदल्यांचं बोलत. मी काय वाचतो आहे, हे मला कोणी विचारत नव्हतं. कॉलेजात असताना रोज कोणी ना कोणी विचारायचं. त्या प्रश्नाची सवय लागली होती, आणि तो बंद झाल्यावर आपण अर्धे झालो आहोत असं वाटायचं.

तो प्रश्न मला पुन्हा ऐकू आला तो वाचनालयाच्या ओट्यावर.

रविवारी वाचनालय बंद असे. पण त्याची एक किल्ली गावातल्या निवृत्त पोस्टमास्तरांकडे होती. संध्याकाळी ते दार उघडत, आतली मोठी चटई ओट्यावर टाकत, माठ भरून ठेवत, आणि गावातली आठ-दहा वाचणारी माणसं तिथे येऊन बसत. अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. रीत मात्र पक्की होती. प्रत्येकाने आपलं चालू पुस्तक चटईवर समोर ठेवायचं. मग पोस्टमास्तर एकेकाकडे बघून विचारत, "काय चालू आहे?" त्यावर दोनच गोष्टी सांगायच्या. आपण कुठवर आलो, आणि हे पुस्तक इथल्या कोणाला द्यावंसं वाटतं. 'चांगलं आहे, सगळ्यांनी वाचा' असं म्हटलेलं चालत नसे. माणूस नेमका सांगावा लागे, आणि का तेही सांगावं लागे.

आणखी एक नियम होता. पुढचं सांगायचं नाही. ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्याच्यासमोर गोष्ट फोडायची नाही. ज्याने फोडली त्याने समोरच्या विहिरीवर जाऊन माठ भरून आणायचा. त्या एका माठातलं पाणी आम्ही सगळेच प्यायचो. मला त्याचंही अप्रूप होतं, पण ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

मला तिथे घेऊन गेले जिनातले बाबू. ते जिनाच्या गोदामावर कारकून होते आणि माझ्या खोलीच्या शेजारी राहत. रहस्यकथा वाचायचे, भराभर वाचायचे, आणि बोलायचे त्याहून भराभर. पहिल्या रविवारी पोस्टमास्तरांनी माझ्याकडे बघून "मास्तर, काय चालू आहे?" असं विचारलं, तेव्हा हा प्रश्न आपण किती महिन्यांनी ऐकला हेच मी मोजत बसलो. उत्तर देण्याऐवजी मी नुसतं पुस्तक पुढे सरकवलं. बाबू म्हणाले, "काकाजी, हे नवे मास्तर मुके हायेत. वर्गात बोर्डावरच भागवतात."

सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवसापासून माझा आठवडा रविवारी सुरू होऊ लागला.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. अमरावतीच्या आमच्या प्राध्यापकांनी एक कादंबरी वाचायला सांगितली होती. जाड, अवघड, प्रकरणं नसलेली. शेवटच्या वर्षाला मी ती रद्दीच्या दुकानातून मिळवली होती. वाळवीने तिची खालची कड पार खाल्लेली, त्यामुळे पानांचे आकडे गेलेले. मजकूर मात्र शाबूत. तिच्यात दोन भाऊ आहेत. विहिरीच्या वाटणीवरून भांडण होतं आणि धाकटा घर सोडतो. गोष्ट एवढीच. पण लेखक ती सरळ सांगत नाही. माणसाच्या डोक्यात जसे विचार येतात, एकातून दुसरा, मध्येच तिसरा, तशी ती चालते. मला ती दोनदा वाचावी लागली, आणि दुसऱ्यांदा वाचून संपली तेव्हा मी तासभर उठलो नव्हतो.

ती मी ओट्यावर ठेवली.

"कोणाला द्यावीशी वाटते?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हणालो.

"सगळ्यांना म्हणजे कोणालाच नाही. माणूस सांगा."

मी ऐकलं नाही. मला खरंच ती सगळ्यांनी वाचायला हवी होती. मला जे मिळालं होतं ते लोकांनी आपल्या हातांनी दिलं होतं. आता माझ्याकडे द्यायला ही एकच वस्तू होती. कादंबरी आधी कापडाच्या दुकानदारांकडे गेली. मग एका सहकारी शिक्षकांकडे, मग कोर्टातल्या एका कारकुनांकडे. प्रत्येकाने ती थोडे दिवस ठेवली. मी वाटेत भेटलो की विचारायचो, "कुठवर आलात?" मी प्रेमाने विचारत होतो, पण ऐकणाऱ्याला तो गृहपाठ वाटत असावा. एकदा कापडवाले मला बघून आपल्याच दुकानाच्या मागच्या दाराने बाहेर पडले. कोर्टातल्या कारकुनांनी पुस्तक मुलाच्या हाती परत पाठवलं आणि निरोप दिला की डोळे दुखतात. त्यानंतर ते रविवारीही आले नाहीत.

हंगाम ऐन भरात आला तोवर ओट्यावर आम्ही चौघे उरलो. पोस्टमास्तर, बाबू, दवाखान्यातल्या नर्सबाई आणि मी. नर्सबाई कळंबकडच्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. दाराजवळच्या बाकावर बसत, कमी बोलत, आणि दवाखान्यातून परस्पर येत असल्यामुळे त्यांच्याबरोबर डेटॉलचा वास येई. चार माणसांपुढे ती मोठी चटई फार रिकामी दिसायची.

एका रविवारी पोस्टमास्तर किल्ली हातात फिरवत म्हणाले, "होळीपर्यंत पाहू. चौघांसाठी दार उघडायचं, चटई टाकायची, माठ भरायचा. त्यापेक्षा आपापल्या घरी वाचलेलं काय वाईट?"

ते रागाने बोलले नव्हते, म्हणूनच ते मला जास्त लागलं. ओटा बंद झाला तर मला 'काय चालू आहे' असं विचारणारं गावात कोणी उरणार नव्हतं, आणि तो माझ्या पुस्तकाने बंद होणार होता.

वाटेत मी बाबूंना म्हणालो, "मी ती कादंबरी परत ट्रंकेत टाकतो."

"काहून?" बाबू थांबले. "पुस्तक वाईट नाही, मास्तर. वजन वाईट हाय. मी तुमाले सांगतो, एवढी कापसाची गाठ एका माणसानं कायले उचलाव? फोडा तिले. पाच भाग करा. एक संपला का दुसरा. माणसाले वाटते, चला, एक तं झालं."

पुस्तक फोडायचं ही कल्पना माझ्या अंगावर काटा आणणारी होती. आमच्या घरी पुस्तकाला पाय लागला तर याडी त्याला हात लावून कपाळाला लावायची, तिला वाचता येत नसूनही. पण होळी जवळ येत होती. मी कादंबरी बाबूंच्या हवाली केली.

त्यांनी ती जिनात, दुपारच्या सुट्टीत फोडली. वाळवीची कड कापून सारखी केली, पाच भाग दाभणाने आणि सुतळीने शिवले, प्रत्येकाला जाड खाकी कागद लावला आणि गाठींवर मारतात त्या काळ्या शाईने वर मोठे आकडे घातले. एक ते पाच. काम सुबक होतं. पोस्टमास्तरांनी भाग हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, "हं. हा झोपून वाचता येईल."

रविवारी पहिला भाग त्यांनी नेला. पुढच्या रविवारी त्यांनी दुसरा घेतला, पहिला नर्सबाईंकडे गेला, आणि त्यांच्या मागून बाबूंकडे. कादंबरी चालू लागली. मला इतका आनंद झाला की मी 'कुठवर आलात' हे विचारणंसुद्धा बंद केलं.

काही रविवारांनी पोस्टमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, तुमच्या लेखकाने फार मोठी उडी मारली आहे हो. जास्त बोलत नाही, बाई तिथवर आलेल्या नाहीत."

मी म्हणालो, "हो ना! तिथेच तर कादंबरी सुरू होते." कादंबरीत एके ठिकाणी काही वर्षं एकदम ओलांडली जातात, तेच त्यांच्या मनात असणार असं मी धरून चाललो.

"पण भाग अर्ध्या वाक्यावर संपतो, आणि पुढच्या भागात ते वाक्य जुळत नाही."

यावर मी जे सांगितलं ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. मी सांगितलं की नवे लेखक वाक्य मुद्दाम तोडतात. जीवनच तुटक असतं, आणि वाचकाने ती पोकळी आपली आपण भरायची असते. कॉलेजातल्या एका व्याख्यानाचा हा सारांश होता. पोस्टमास्तरांनी मान डोलावली. नर्सबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. बाबू मात्र म्हणाले, "मास्तर, तुमी आमाले पुस्तक देऊन राह्यले का पेपर देऊन राह्यले?"

असे दिवस गेले. पोस्टमास्तर सावकाश वाचत. त्यामुळे वर चार आकडा घातलेला भाग त्यांच्याकडेच असताना शेवटचा त्यांनी आधी नर्सबाईंना देऊन टाकला; बाई चौथा त्यांच्या आधीच वाचून बसल्या होत्या. नियमाप्रमाणे कोणी कोणाला गोष्ट सांगत नव्हतं. मला तर कोणी काहीच सांगण्याचं कारण नव्हतं, मी वाचलेलीच होती.

होळीच्या आधीचा रविवार आला. पोस्टमास्तरांनी दार उघडलं, पण त्या दिवशी चटई टाकायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही चौघेच. बाजार मंदावला होता, रस्त्यावर दोनचार बंड्या सुटून पडल्या होत्या. पोस्टमास्तरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "बाई, काय चालू आहे?"

"संपली," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी पाच आकड्याचा भाग चटईवर ठेवला. "आज मी नियम मोडणार आहे. पाणी मी आणीन. पण मला शेवटाबद्दल बोलायचं आहे, नाहीतर मला चैन पडणार नाही."

पोस्टमास्तर म्हणाले, "माझे दोन भाग राहिले आहेत, बाई."

"तुम्ही कान झाका."

त्यांनी कान झाकले नाहीत.

"सुरुवातीला तो घर सोडतो," बाई सांगू लागल्या. "आणि लगेच पुढच्या भागात म्हातारा होऊन परत येतो. भाऊ गेलेला, घराला कुलूप, विहीर बुजलेली. मी म्हटलं, आता उरलं काय सांगायचं? मग भावाचं आजारपण. मग याचा शहरातला संसार. आणि शेवटी तो अगदी तरुण, शहरात पहिलंच वर्ष, गिरणीतून खोलीवर येतो, अंथरुणावर पडतो आणि म्हणतो, उद्या सकाळच्या गाडीनं मी घरी... आणि संपलं. पुढे काही नाही. कागद कोरा." त्यांनी त्या भागाचं शेवटचं पान उघडून दाखवलं. "तो जाणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे. जाईल तेव्हा काय दिसेल तेही ठाऊक आहे. फक्त त्याला ठाऊक नाही. मी ते पान वाचलं आणि वॉर्डात जाऊन सगळ्या पेशंटांची पांघरुणं नीट केली. दुसरं काही सुचेना."

मी ऐकत होतो, आणि मनातल्या मनात पानं मागे उलटत होतो.

"बाई," मी म्हणालो, "हे शेवटी नाही. हा दुसरा भाग आहे. ते वाक्य पुढे पूर्ण होतं. घरी जाईन असं त्याला रोज वाटायचं आणि रोज ती गाडी निघून जायची, असं पुढे आहे. विहीर शेवटी येते. सगळ्यात शेवटी."

मग पोस्टमास्तरांनी पिशवीतून आपला चालू भाग आणि वाचून परत आलेले दोन काढले, बाबू धावत जाऊन घरचा घेऊन आले, आणि आम्ही पाचही भाग चटईवर मांडून वाक्याला वाक्य लावून पाहिलं. पहिला बरोबर होता. बाकीचे चार उलटे होते. शेवटच्यावर दोन, दुसऱ्यावर पाच.

"बाबू!" पोस्टमास्तर म्हणाले.

बाबू डोक्याला हात लावून बसले होते. "काकाजी, पयल्यावर पुठ्ठा होता, त्याच्यावर मी आधीच एक टाकला. बाकीचे शिवत गेलो अन् एकावर एक ठेवत गेलो. आमच्या गोदामात जे शेवटी ठेवलं ते दाराजवळ रायते, अन् दाराजवळचं आधी भायेर निंगते. आमी नंबर दारापासूनच टाकतो. वीस वर्षं तेच करून राह्यलो. हात तसाच चालला."

"म्हणजे तुम्ही कादंबरी गाडीत भरायला काढली," पोस्टमास्तर म्हणाले, आणि ते हसू लागले. त्यांना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून डोळे पुसत ते माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही हो मास्तर! जीवन तुटक असतं काय? पोकळी आपली आपण भरायची काय?"

"अन् मी म्हणतो," बाबू उसळून म्हणाले, "भरली ना बाईंनी!"

मग जे सुरू झालं ते दिवेलागण होऊन गेली तरी थांबेना. पोस्टमास्तरांचं म्हणणं, लेखकाने जे योजलं तेच खरं. विहिरीपाशी संपायला हवी. नर्सबाई म्हणाल्या, विहिरीपाशी संपली तर आपण रडून मोकळे होतो, आणि इथे आपल्याला रडताही येत नाही. बाबूंनी अजून दोनच भाग वाचले होते, तरी ते सगळ्यात मोठ्याने बोलत होते. रस्त्याने जाणारे कापडवाले आवाज ऐकून ओट्यापाशी थांबले. काय झालं म्हणून विचारू लागले. बाबूंनी त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. कापडवाल्यांनी ती कादंबरी सुरुवातीची काही पानं वाचून परत केली होती, आता ते तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "मंग मले उलटी द्या. सुलटी तं काही जमली नाही."

मी चटईवरचे भाग नुसते सारखे करत होतो. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त बोलायला हवं होतं, कारण ती कादंबरी फक्त मीच बरोबर वाचली होती. पण ते गाडीचं वाक्य मी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा पान उलटून पुढे गेलो होतो. बाईंनी म्हणेपर्यंत मला ते आठवलंही नव्हतं.

पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, एक राहिलं. कोणाला द्यावीशी वाटते?"

नर्सबाईंनी पाचही भाग एकावर एक ठेवले, बाबूंच्या आकड्यांप्रमाणे, आणि चटईवरून माझ्याकडे सरकवले. "मास्तरांना," त्या म्हणाल्या. "त्यांनी ही वाचलेली नाही."

मग त्या शिक्षेचं पाणी आणायला उठल्या. पोस्टमास्तरांनी त्यांना थांबवलं. ते म्हणाले, "गोष्ट तर आज सगळ्यांनीच फोडली, मीही त्यात आलो, आणि माझ्या हातात किल्ली आहे." त्यांनी माठ उचलला. म्हाताऱ्या माणसाने माठ उचललेला बघून बाबू मागे धावले, बाबूंच्या मागे कापडवाले. विहिरीवरूनही त्यांचा वाद ऐकू येत होता.

होळी झाली आणि ओटा सुरू राहिला. कापडवाले आले, त्यांच्याबरोबर आणखी दोघे आले. उलटी वाचणारे एकीकडे आणि सुलटी वाचणारे दुसरीकडे बसत. बाबूंनी सांगून पाहिलं की आकडे खोडून नीट घालून देतो, पण पोस्टमास्तरांनी नको म्हटलं. नुसतं प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने खरा आकडा लिहिला. बाहेरचा आकडा बाबूंचा, आतला लेखकाचा. कोणता धरायचा, ते घेणाऱ्याने ठरवायचं.

इतरांच्या हाती जाण्याआधी, आतले आकडे पडल्यावरच्या पहिल्याच शनिवारी, मी ते भाग तांड्यावर घेऊन गेलो. अंगणात बाज टाकून वाचत पडलो होतो. काळे आकडे बघून याडीने विचारलं, हे काय, जिनातून गाठी आणल्यास का? मी म्हटलं, पुस्तक आहे. ती बाजेच्या कडेला बसली. आजवर तिने मला पुस्तकाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं, कारण मीच कधी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला आमच्या बोलीत मी दोन भावांची गोष्ट सांगायला घेतली. धाकटा घर सोडून निघतो इथवर आलो आणि थांबलो. आता पुढे काय घ्यावं, आतला आकडा की बाहेरचा, ते मला ठरवता येईना.

"मग?" याडी म्हणाली. "तो परत आला का?"

मी बाहेर काळा दोन असलेला भाग उचलला.